साल्वादोरचं पितळी गेज

साल्वादोर पिंटोला सलग दहा मिनिटं बसलेला कुंभारमाठच्या उतारावर कुणी पाहिलेला नाही. चहाचा कप हातात घेऊनच तो पंपाच्या खोलीत जातो, पंपाच्या पाठीवर तळहात ठेवतो, परत येतो. कप टेबलावर ठेवतो आणि गॅसच्या सिलिंडरवर बोटाच्या पेराने टकटक करतो. मग बायकोला हाक मारतो.

"एलिना, बरोबर वाजता ना गो?"

"वाजता. बस आता."

"अर्धो आसा?"

"अर्धो आसा. चाय निवली तुजी."

बावीस वर्षं तो बोटीवर ऑयलर होता. इंजिनरूममध्ये, पाण्याच्या रेषेखाली, दर तासाला एक फेरी. बेअरिंगला हात, पंपाला हात, मग एकेका गेजसमोर उभं राहून काटा बघायचा आणि वहीत लिहायचं. जमिनीवर येऊन तीन वर्षं झाली तरी ती फेरी पायांत तशीच आहे. उतरला तोही आपखुशीने नाही. मुंबईला मेडिकलमध्ये त्याच्या कानांना यंत्र लावून शिट्ट्या वाजवल्या. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. साल्वादोर बराच वेळ बोट खाली ठेवून बसला. शिट्ट्या अजून सुरूच झाल्या नाहीत, असं त्याला वाटत होतं.

हे एलिनाशिवाय कुणाला माहीत नाही. निदान साल्वादोरची तशी समजूत होती.

व्हॅन एलिनाच्या भावाची. जेरी गेला आणि त्याची सत्तावीस वर्षांची डिझेल व्हॅन बहिणीच्या फणसाखाली येऊन उभी राहिली. साल्वादोरच्या हातांना काम हवंच होतं. त्याने ती उघडली, पुसली, चालवली. मग पेंडूरच्या यशोदा गावडेंना डायलिसिस लागलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसातला ओरोसच्या हॉस्पिटलात. त्या वेळेला त्यांच्या वाडीत एसटी वर चढत नाही. साल्वादोर म्हणाला, मी नेतंय. पुढे त्याच रस्त्यावरचा विनीत आला, तोही डायलिसिसचाच पेशंट. एकतीस वर्षांचा, कुडाळच्या बँकेत कामाला, ऑफिसातली मराठी तोंडात बसलेला आणि एका कानात कायम इयरफोन. गेलं दीड वर्ष ही फेरी एकदाही चुकलेली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, परतीच्या वाटेवर, सुकळवाडच्या पुढे म्हशी रस्ता ओलांडत होत्या. साल्वादोरने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. आणि डॅशबोर्डच्या मधोमध चिकटवलेली सायबिण पेटली.

सायबिण म्हणजे मेरीमाता. वीतभर उंचीची, दुधी प्लास्टिकची मूर्ती, जेरीने बसवलेली. सकाळी चावी फिरवली की ती आतून लाल उजळायची आणि इंजिन सुरू झालं की विझायची. आतून पेटणाऱ्या अशा मूर्ती चर्चच्या फेस्ताच्या जत्रेत मिळतात; त्यातलीच एक समजून साल्वादोरने तिच्याकडे कधी फार लक्ष दिलं नव्हतं. गेल्या तीन आठवड्यांत मात्र ती अधूनमधून वाटेतही पेटू लागली होती.

पुढच्या सीटवर यशोदाकाकी. वय सासष्ट, हाताला डायलिसिसची पट्टी, सीट हक्काची. त्यांनी चटकन हात जोडले.

"पेटली रे बाय माजी!"

"काकी, वायर लूज आसा तिची."

"वायर तुज्या डोक्याची लूज. गेल्या शुक्रवारी सकाळी पेटली, तर सुई कधी लागली ता कळाक पण नाय. बुधवारी पेटूक नाय, तर तेणी माका तीन वेळा टोचल्यानी. आता बोल."

"पण ती तुजो देव नाय. तुका कशी पावात?"

"देव काय रेशनकार्ड बघता?"

साल्वादोर हसला नाही. त्याचा कान इंजिनाकडे होता. या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे, लोखंडी झाकणाखाली. त्याला वाटलं, आत टकटक होतेय. मग वाटलं, नाही. त्याने झाकणावर तळहात ठेवला. तळहाताला नुसती थरथर लागली.

"विनीत, टकटक येता काय रे?"

विनीतने इयरफोन काढला. "डिझेल गाडी आहे अंकल. टकटकच येणार."

म्हशी गेल्या. साल्वादोरने गिअर टाकला, सायबिण विझली, यशोदाकाकींनी जोडलेले हात पदराखाली घेतले. साल्वादोरचा हात मात्र परत झाकणावर गेला. एखाद्या सकाळी हे इंजिन वाटेत जाम झालं तर? डायलिसिस उद्यावर ढकलता येत नाही. मागे गणपतीत, साल्वादोरच्या फेरीच्याही आधी, यशोदाकाकींची एक पाळी हुकली होती. पाय सुजले, दम लागला, उशांना टेकवून बसवून ठेवावं लागलं. बोटीवर इंजिन बिघडायच्या आधी काटा सांगायचा. इथे सांगणारं कोण? डॅशबोर्डवरचे अर्धे दिवे मेलेले, आणि उरले ते त्याचे कान.

घरी आल्यावर चपला न काढताच तो आत गेला आणि देवघरातल्या अल्ताराशेजारच्या खिळ्यावरून पितळी गेज खाली काढलं.

बशीएवढं, जड, पांढऱ्या तबकडीवर शून्य ते दहा. भंगारात निघालेल्या एका बोटीवरून सेकंड इंजिनिअरने त्याला काढून दिलेलं. समुद्रावरून त्याने दोनच वस्तू कायमच्या घरी आणल्या: हे गेज, आणि कानातली न थांबणारी शिट्टी.

एलिना शाळेतून निवृत्त झाली असली तरी लाल पेन सुटलेलं नाही. चर्चमधल्या पोरांच्या वह्या तपासत ती टेबलाशी बसली होती.

"ता खंय नेतंस?"

"गाडयेक लावतंय. इंजिनात तेलाचो दाब किती ता दाखयत."

"आनी सायबिण?"

"बाजूक करतलंय. मधे गेज येतला."

"तिका हलवू नको हां. जेरीन सांगलेल्यान."

"काय सांगलेल्यान?"

"सायबिण पेटली तर गाडी थांबव, चावी काढ, तीन नमान मरिये म्हण, आनी—"

"आनी आमेन!" साल्वादोर म्हणाला. "तुज्या भावाक गाडी नको हुती गो, इगर्जी होयी हुती. चाकां लावलेला चर्च."

एलिनाने पेनाला टोपण लावलं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिची बरीच वाक्यं अशी अर्ध्या वाटेत उतरली होती. ती पुढची वही उघडून बसली. साल्वादोर पंपाला हात लावून आला.

मंगळवारी डायलिसिस नव्हतं. सकाळी नऊला व्हॅन कट्टा गावात, चंदनच्या गॅरेजपुढे. चंदन मेस्त्री पस्तिशीचा. हात काळे, जीभ त्याहून तिखट. त्याने गेज उलटंसुलटं करून पाहिलं.

"अंकल, खयच्या कुकराचो मीटर काढलास?"

"बोटीचा गेज आसा ता."

"तां दिसता. पण बाजारात इलेक्ट्रिकचो मीटर गावता. दोन वायरी, पाच मिनिटांचा काम. ह्यो कित्याक?"

"इलेक्ट्रिक खोटा बोलता. ह्येच्यात तेल थेट येता, बारीक पायपातसून. तेल खोटा बोलणा नाय."

"म्हणजे गरम तेल केबिनीत हाडतल्यात."

"बोटीर सगळा तसाच."

साल्वादोर पूर्ण तयारीने आला होता. कुडाळच्या लेथवाल्याकडून कधीच करवून ठेवलेला जोड, तांब्याचा बारीक पाइप, तीन तोंडांची पितळी टी. इंजिनाला जिथे तेलाच्या दाबाचा स्विच बसवलेला असतो तिथे ही टी बसवायची. एका तोंडाला जुना स्विच परत, दुसऱ्या तोंडातून पाइप निघून गेजपर्यंत. चंदनने पाइप हातात घेऊन वाकवून पाहिला.

"मधे दोन वेटोळे घालूया ह्येका. गाडी हलता. सरळ पायप मानेत तुटात."

"बोटीर पायप सरळ असतत. वेटोळो घातलंय असतंय तर चीफान माका दर्यात उडवल्यान असतो."

"अंकल, बोट पाण्यार चलता. तुमच्या चीफाक एकदा कसालच्या रस्त्यान धाडा."

"सरळ घाल."

"घालतंय. गाडी तुमची."

एवढ्यात यशोदाकाकी आल्या. हातात कापडी पिशवी, पायात मुलाची मोठी चप्पल. व्हॅनचं दार उघडून त्या सरळ आपल्या सीटवर चढून बसल्या.

"काकी, आज नाय, उद्या!" साल्वादोर म्हणाला.

"माका वार कळतत. तू सायबिणीक हलवतंस असा आयकलंय. म्हणान इलंय. हलव बघू माज्यासमोर."

चंदन झाकणाखाली डोकं घालून हसला. "अंकल, राखणदार इली." त्याने स्विचवरची वायर चाचपली. "ही वायर फुडे खंय जाता? ऑइलची लाल बत्ती आसतली ना गाडयेक?"

"नाय. बत्तीच नाय. मी सगळो बोर्ड बघलंय."

"मगे वायर कित्याक? बघूया. चावी फिरवा वायच. स्टार्ट नको."

साल्वादोरने चावी फिरवली. सायबिण उजळली, रोजच्यासारखी. यशोदाकाकींनी हात जोडले. चंदनने स्विचवरची वायर ओढून काढली.

"विझली!" यशोदाकाकी ओरडल्या.

"कोण?"

"सायबिण! काय केलंस रे मेल्या?"

चंदनने खाली काही बोलता बोलता वायरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं.

"पेटली!"

वायर उचलली.

"विझली!"

चंदन आता मुद्दाम हळूच टेकवत होता, उचलत होता, आणि वरून यशोदाकाकी दशावतारातल्या रागदारीसारखा सूर लावून सांगत होत्या: पेटली, विझली, पेटली. मग चंदनने डोकं बाहेर काढलं आणि साल्वादोरकडे पाहिलं. साल्वादोर त्याच्याकडे पाहतच होता.

मूर्ती त्यांनी पातळ पात्याने अलगद सोडवली. खाली पत्र्यात लाल काचेची बत्ती, शेजारी झिजलेली इंग्रजी अक्षरं. मूर्तीचं बूड तापल्या सुरीने गोल कापलेलं, बत्ती आत नेमकी बसेल असं. जेरीचा हात सफाईचा होता.

साल्वादोर मडगार्डला टेकला, लगेच सरळ झाला, दोन पावलं गेला, परत आला. म्हशींपाशी एकदा. कसालच्या वळणावर एकदा. गेल्या शुक्रवारी तर विनीतच्या दारात इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं, बाजूला यशोदाकाकी हात जोडून. तेवढा वेळ इंजिन तेलाविना स्वतःलाच खात होतं आणि तो, बावीस वर्षांचा ऑयलर, वायर लूज आहे म्हणत होता.

"काय झाला रे?" यशोदाकाकींनी विचारलं. "बोल ना."

"काकी, ती पेटता तेवा इंजिनात तेलाचो दाब नसता."

"म्हणजे?"

"बीपी लो."

बीपी लो म्हणजे काय ते यशोदाकाकींना कुणी समजावून सांगायला नको होतं. मशीनवर असताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, नर्स पाय वर करायची. त्यांनी हातातल्या मूर्तीकडे पाहिलं.

"आनी मी हात जोडी हुतंय," त्या म्हणाल्या.

गेज बसलं. थंड इंजिनावर काटा चारावर गेला. तासभर रस्त्यावर फिरवून आणल्यावर पळताना दोन. उभी केली की अर्ध्यावर, आणि बत्ती लाल. चंदनने पाने खाली ठेवले. "म्हातारी झाली ती. जाड तेल घालूया, उभ्या गाडयेचो आयडल वायच वाढवूया. चलतली. पण लक्ष ठेवा." दुपारी उभ्या गाडीत काटा एकाच्या किंचित वर थांबला. सायबिण परत बत्तीवर बसवली. यशोदाकाकी त्याशिवाय उतरायलाच तयार नव्हत्या. गेज मात्र मधे मावेना आणि पाइप तेवढाच, त्यामुळे ते डावीकडे, यशोदाकाकींच्या गुडघ्यासमोर गेलं.

"माका हयसून नीट दिसणा नाय," साल्वादोर कुरकुरला.

"माका दिसता," यशोदाकाकी म्हणाल्या. "काय बघूचा ता सांग."

"काटो एकाच्या खाली गेलो तर सांगूचा."

"सांगू काय ओरडू?"

"ओरड. इंजिनाचो आवाज असता ना."

त्या संध्याकाळी एलिनाने विचारलं, "लागला गेज?" तो म्हणाला, "लागला." बत्तीचं काही बोलला नाही. रिकाम्या खिळ्याखालून तीनदा गेला.

बुधवारी सव्वासहाला यशोदाकाकी तयारच होत्या. विनीत मागे बसला. गाडी निघाली आणि साल्वादोरच्या तोंडाला चैन पडेना.

"किती, काकी?"

"साडेतीन."

चढ.

"आता?"

"साडेतीन."

वळण.

"आता किती?"

"रे, तीन! बीपीच्या मशीनीसारखो मिनिटामिनिटाक दाबतंस माका."

मागून विनीत म्हणाला, "अंकल, मॅचची कॉमेंट्री लागल्यासारखं वाटतंय."

गेज नव्हतं तेव्हा त्याला एक अंधुक भीती होती. आता तिला आकडे फुटले होते, आणि ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावे लागत होते. तीनाचे अडीच झाले तरी त्याचा पाय आपोआप सैल पडायचा. अडीच बरोबरच आहे, गरम झालंय, हे त्याला कळत होतं. तरी विचारायचा.

सुकळवाड गेलं. रस्ता खणलेला होता; गाडी दोन्ही अंगांनी हिंदकळली.

"साल्वादोरा, माज्या पायार काय तरी पडता रे."

"काय?"

"तेल! गरम आसा. दिवाळेक आजून आठ म्हैने आसत, आताच न्हाणतंस काय माका?"

त्याला शेवटचं काही ऐकू आलं नाही. "काटो बघ! काटो किती?"

"दोन... दीड... रे काटो निजाक लागलो—"

सायबिण लाल झाली. यशोदाकाकींचे दोन्ही हात जोडायला वर आलेच होते. मधेच एक वळला आणि साल्वादोरच्या खांद्यावर दणकन बसला.

"थांबव!"

त्याने गाडी कडेला घेतली आणि चावी काढली.

एकदम शांतता. थेंब पडत होते, तेवढाच आवाज, आणि तोही साल्वादोरला खाली वाकून बघितल्यावरच कळला. गेजच्या मागे, जिथे पाइप नटात शिरतो तिथे, मानेशी, तांबं चिरलं होतं. सरळ पाइप. हलायला जागाच ठेवली नव्हती त्याने. चंदनचे दोन वेटोळे त्याला डोळ्यांसमोर दिसले. इंजिनाला सांभाळायला आणलेल्या गेजनेच इंजिनाचं तेल बाहेर काढलं होतं.

सात वाजायला पाच मिनिटं.

विनीत उतरून फोनवर होता. "कसालचा रिक्षावाला तासभर लागेल म्हणतोय, लग्नाची वर्दी आहे त्याची. एसटी पावणेआठला." दुसरा फोन लावला. "सिस्टर म्हणतात, आठपर्यंत मशीन धरून ठेवतात. आमच्या दोघांचीही. नंतर मात्र पुढच्या पाळीचे पेशंट बसवणार."

यशोदाकाकी पाय पुसत होत्या. दोन दिवसांचं पाणी अंगात घेऊन आलेल्या माणसाला सकाळच्या हवेतही दम लागतो. "होतला मा रे?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी आवाज लहान होता.

"होतला."

त्याने झाकण उघडलं, पाना लावला आणि बोटं भाजून घेतली. परत लावला. घाईत पाना निसटून खाली पडला. तो उचलून त्याने आधी तेलाची काठी ओढली. काठी वरपर्यंत माखलेली, खरं काय ते कळेना.

"काय झाला?"

"तेल खाली बसाक होया. तेच्याबिगर काठी खरा सांगणा नाय."

"किती वेळ?"

"दोन-तीन मिंटां."

"मगे थांब."

थांब. कुणी काही जड उचलायला दिलं असतं तर त्याने उचललं असतं. तो गाडीच्या नाकाशी उभा राहिला, भाजलेली बोटं ओल्या फडक्यात धरून. पाय उचलला, परत ठेवला. मग त्याचे ओठ हलायला लागले.

"काय पुटपुटतंस?" यशोदाकाकींनी विचारलं.

"मोजतंय."

एक नमान झालं. दुसरं. तिसरं संपवून त्याने काठी पुसली, घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्या जरा खाली. गेलं होतं, पण सगळं नाही. गाडी वेळेवर थांबली होती. ऑयलरच्या गाडीत सीटमागे तेलाचा डबा नसेल असं होत नाही. त्याने टी आटे फिरवून काढली, पाइप, गेज, सगळं सोडवून विनीतच्या हातात दिलं, आणि जुना स्विच होता तिथे, इंजिनाच्या अंगावर, परत पिळून बसवला. वायर खोचली. तेल ओतलं. खुणेवर आलं. विनीत गेज दोन्ही हातांत धरून उभा होता, काटा शून्यावर.

चावी. सायबिण लाल. इंजिन धडधडलं. सायबिण विझली.

साल्वादोरने झाकणावर हात ठेवला. थरथर. तेवढंच. त्याने गिअरला हात नेला आणि मागे घेतला. काटा नाही, आणि तेलाविना एखादं मिनिट गेलं असेल तर बेअरिंग आवाज करणार. तो आवाज ऐकल्याशिवाय या दोघांना पुढे न्यायचं कसं?

"काकी," तो म्हणाला. "माका आयकाक येणा नाय. कान गेले माजे, बोटीर. तू आयक. टकटक येता काय, लोखंडार हातोडी मारल्यासारखी?"

यशोदाकाकींनी त्याच्याकडे पाहिलं.

"माका म्हायत आसा."

"काय?"

"तुजे कान! वर्सभर मी तुज्याशी ओरडान बोलतंय. माजो काय आवाज असो आसा?" त्या झाकणावर वाकल्या, डोळे मिटले. विनीतने कानातला इयरफोन काढला. "हातोडी नाय. रोजची घरघर. काय रे झिला?"

"नाही येत," विनीत म्हणाला. "खरंच नाही येत, अंकल."

"मगे चल," यशोदाकाकी म्हणाल्या. "मी हिच्यार डोळो ठेवतंय."

गाडी हलली. त्या सायबिणीकडे बघत राहिल्या, आणि न विचारता सांगत राहिल्या, मोठ्याने, त्याच्या कानाच्या दिशेने.

"विझलेली आसा."

कसालचा नाका.

"विझलेली आसा."

हायवे.

"विझलेलीच आसा रे बाबा, फुडे बघ!"

आठला अकरा मिनिटं होती तेव्हा व्हॅन दारात उभी राहिली. उभ्या गाडीत सायबिण क्षणभर लुकलुकली आणि विझली. त्याने ताबडतोब चावी काढली. यशोदाकाकी विनीतच्या हाताला धरून आत गेल्या. दारातून वळून ओरडल्या, "पायाचा तेल जाणा नाय! साबण हाड!"

या चार तासांत साल्वादोर एरवी हॉस्पिटलच्या आवाराला किती फेऱ्या घालतो ते वॉचमनला पाठ आहे. आज त्याने गेज व्हॅनच्या सीटवर ठेवलं, तुटका पाइप हातात घेतला, पायरीवर बसला आणि एलिनाला फोन लावला. फोन चांगल्या कानाला धरला.

"पोचलास?"

"पोचलंव. एलिना, जेरीन सांगलेल्यान ता परत सांग बघू."

"कित्याक? आमेन म्हणूक?"

"नाय. पुरा सांग."

पलीकडे एलिनाच्या वहीचं पान उलटल्याचा आवाज झाला असेल. त्याला तो ऐकू येणं शक्य नव्हतं.

"सायबिण पेटली तर गाडी थांबव. चावी काढ. तीन नमान मरिये म्हण, सावकाश. आनी मगे काठी ओढून तेल बघ."

साल्वादोरने हातातल्या पाइपकडे पाहिलं.

"आयकलंस?"

"काठी ओढून तेल बघ, असा सांगलेल्यान?"

"व्हय. तो म्हणी, बायलमाणसाक बत्ती म्हटला तर इसारतली, सायबिण म्हटला तर इसराची नाय. माका राग इललो तेवा."

"आनी माका ह्या आधी सांगूक काय झाला?"

"तू माका आनीच्या फुडे कधी जावक दिलंस?"

ऊन पायरीवर आलं होतं. पाइपच्या चिरलेल्या टोकाकडचा भाग त्याने मोडून टाकला. उरलेला बोलता बोलता अंगठ्याभोवती वळवायला घेतला. तांबं मऊ होतं, एक वेटोळा सहज पडला. दुसरा. चंदनकडे परतीच्या वाटेवर जायचं होतं आणि आत जाऊन साबण द्यायचा होता. तो उठला नाही.

"आसंस मा रे?" एलिना म्हणाली.

"आसंय," साल्वादोर म्हणाला. "जेरी आनी काय काय सांगी? बोल, मी आयकतंय."